नाव भाकिताचे, धंदा जुगाराचा

जुगाराला आजवर अनेक नावे मिळाली. पैज, सट्टा, आकडा, रेस, लॉटरी. त्या प्रत्येक नावामागे थोडीफार लाज शिल्लक होती. आकडा लावणारा माणूस गल्लीच्या टोकाला चिठ्ठी देत असे आणि ओळखीचे कोणी दिसले की मान वळवीत असे. अलीकडे मात्र या जुन्या व्यसनाला असे एक नाव मिळाले आहे की, ते घेताना मान वळविण्याचे कारणच उरत नाही. उलट ती थोडी ताठच होते. 'प्रेडिक्शन मार्केट' म्हणजे भाकीत-बाजार, हे ते नाव. येथे कोणी पैज लावीत नाही, 'मत' मांडतो. कोणी हरत नाही, त्याचा 'अंदाज' चुकतो. आणि धंदा चालविणारा स्वतःला गुत्तेवाला म्हणवीत नाही; आपण जगाला भविष्याचे ज्ञान पुरवितो, असे तो सांगतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण इतकी चपखल बसावी असा प्रसंग क्वचितच येतो.

या बाजाराची रचना मुळात साधी आहे. एखाद्या घटनेविषयी 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर असलेला प्रश्न विचारायचा. अमुक जोडी उद्याचा सामना जिंकेल काय? ज्याला जिंकेल असे वाटते त्याने 'होय'चा कागद विकत घ्यायचा. जोडी जिंकली तर त्या कागदाचा एक डॉलर मिळतो. हरली तर कागदाची रद्दी होते. सामन्यापूर्वी त्या कागदाचा भाव ६२ सेंट असेल, तर जोडी जिंकण्याची शक्यता शंभरात ६२ आहे, असे वाचायचे. हजारो लोक आपापला पैसा पणाला लावून हा भाव ठरवितात. म्हणून तो कोणाही एका पंडिताच्या मतापेक्षा अधिक विश्वसनीय असतो, असा या पंथाचा सिद्धान्त आहे.

या सिद्धान्तात काहीच तथ्य नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथील जत्रेत एका बैलाचे कापलेले वजन किती भरेल, याची स्पर्धा झाली होती. फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञाने तेथील ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. त्यांतील बरोबर मधला अंदाज १२०७ पौंडांचा होता; प्रत्यक्ष वजन भरले ११९८ पौंड. गर्दीचे शहाणपण ते हेच. पुढे १९४५ साली फ्रीडरिश हायेक या अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की, समाजातील ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते आणि बाजारातील किंमत ते एकत्र आणते. या विचाराच्या आधारे १९८८ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने निवडणुकांच्या निकालांचा एक छोटा बाजार सुरू केला. हेतू अध्यापनाचा व संशोधनाचा होता, आणि कोणालाही ५०० डॉलरांहून अधिक रक्कम गुंतविता येत नसे. त्या प्रयोगाविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्या नावावर पुढे जे उभे राहिले त्याविषयी. २००० साली लंडनमध्ये 'बेटफेअर' सुरू झाले. तेथे गिऱ्हाईक बुकीशी नव्हे, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाशी पैज लावते. पुढे अमेरिकेत 'कॅल्शी' व 'पॉलिमार्केट' या कंपन्या आल्या. कॅल्शीने २०२५ च्या जानेवारीत खेळांवरील करार विकावयास आरंभ केला. नेवाडा आणि न्यू जर्सी या राज्यांच्या नियामकांनी मार्च महिन्यातच ते थांबविण्याच्या नोटिसा काढल्या. कंपनी म्हणाली, हा जुगार नव्हे, हा वित्तीय करार आहे, आणि वाद न्यायालयांत गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क शेअर बाजाराची मालक असलेल्या कंपनीने पॉलिमार्केटमध्ये दोन अब्ज डॉलरांपर्यंत रक्कम गुंतविण्याचे जाहीर केले. विद्यापीठातील पाचशे डॉलरांच्या मर्यादेपासून येथवर झालेला हा प्रवास ज्ञानाच्या तहानेने झाला, असे ज्याला मानावयाचे असेल त्याने खुशाल मानावे.

प्रस्तुत लेखात या अवाढव्य बाजाराच्या एकाच कोपऱ्याचा विचार करावयाचा आहे. तो कोपरा म्हणजे व्यावसायिक टेनिसमधील दुहेरीचे सामने. हाच कोपरा निवडण्याचे कारण असे की, भाकीत-बाजाराचे समर्थक येथे आपली बाजू विशेष बळकट आहे असे समजतात. त्यांचा युक्तिवाद असा: एकेरीत खेळाडूचे मानांकन व मागील निकाल पाहून गणित मांडता येते. दुहेरीत जोड्या दर आठवड्याला बदलतात, दोन चांगले खेळाडू एकत्र आले म्हणजे चांगली जोडी होतेच असे नाही, आणि आकडेवारीही तुटपुंजी असते. म्हणून येथे विखुरलेले ज्ञान गोळा करणारा बाजारच खरा उपयोगी पडेल. युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ज्या कारणांसाठी दुहेरीचे भाकीत कठीण आहे, त्याच कारणांमुळे तेथील बाजारभाव ज्ञान देऊ शकत नाही. आणि जेव्हा तो ज्ञान देतो, तेव्हा ते चोरीचे असते.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. दुहेरी म्हणजे दोन एकेऱ्यांची बेरीज नव्हे. सर्व्हिस करण्यापूर्वी जाळ्याजवळ उभा असलेला साथीदार पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो: चेंडू कोठे टाक, मी कोणत्या बाजूला सरकणार. त्या खुणेवर विश्वास ठेवूनच दुसरा सर्व्हिस करतो. १९९९ साली लिअँडर पेस व महेश भूपती ही आपली जोडी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि फ्रेंच व विम्बल्डन ही दोन विजेतेपदे तिने मिळविली. पेस घराण्याचे मूळ गोव्याचे. लिअँडरचे वडील वेस पेस १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते. म्हणून आपल्या घराघरांत त्या जोडीविषयी विशेष जिव्हाळा होता. पुढे त्या दोघांत बेबनाव झाला, ते वेगळे झाले, पुन्हा एकत्र आले, पुन्हा दुरावले. त्यांचे हात तेच होते, फटके तेच होते. बदलत होते ते दोघांमधले नाते. दुहेरीचा निकाल ज्यावर अवलंबून असतो ती वस्तू ही अशी आहे.

अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर २०२५ च्या यूएस ओपनचे घ्यावे. तेथे मिश्र दुहेरीची स्पर्धा नव्या स्वरूपात, एकेरीच्या मुख्य स्पर्धेआधी दोन दिवसांत उरकण्यात आली. सोळा जोड्या होत्या आणि त्यांपैकी निम्म्यांना एकेरीतील मानांकनाच्या आधारे प्रवेश मिळाला. एकेरीतील मोठमोठी नावे उतरली. विजेतेपद मात्र दुहेरीत मुरलेल्या सारा एर्रानी व आंद्रेआ वावासोरी या इटालियन जोडीनेच राखले. अंतिम सामन्यात त्यांनी इगा श्वियाँतेक व कास्पर रूड यांना हरविले. मानांकनाची बेरीज तोकडी पडली, हे समर्थकांचे म्हणणे येथे खरे ठरते. परंतु ते जाणण्यासाठी बाजाराची गरज नव्हती. दुहेरीचा खेळ आस्थेने पाहणारी दृष्टी पुरेशी होती.

आता विखुरलेल्या ज्ञानाकडे वळू. प्लिमथच्या जत्रेत बैल सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा होता. खाटीक, शेतकरी, रिकामटेकडा, प्रत्येकाला तो तितकाच दिसत होता. दुहेरीच्या सामन्यात जे निर्णायक असते ते कोणाला दिसते? एकाचा खांदा रात्रीपासून दुखतो आहे, हे त्याच्या साथीदाराला ठाऊक असते. दोघांचे काल सरावाच्या वेळी वाजले, हे प्रशिक्षकाला ठाऊक असते. एक जण उद्याच्या एकेरीसाठी अंग राखून खेळणार आहे, हे फार तर त्याच्या मालिशवाल्याला ठाऊक असते. म्हणजे येथे ज्ञान हजारोंत विखुरलेले नाही. ते चार खेळाडू आणि त्यांच्या भोवतीची दहा-बारा माणसे यांच्यापाशी एकवटलेले आहे. उरलेले हजारो लोक काहीच जाणत नाहीत. शंभर अज्ञानांची सरासरी काढली म्हणजे ज्ञान होत नाही.

आणि ज्या दहा-बारा जणांना ठाऊक असते, त्यांना बोलण्यास मनाई आहे. टेनिसच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांनुसार कोणत्याही व्यावसायिक खेळाडूला, प्रशिक्षकाला वा त्यांच्या सहकाऱ्याला टेनिसवर पैज लावता येत नाही. आतली खबर पैजेसाठी दुसऱ्याला देता येत नाही. नियम मोडणाऱ्याला खेळातून हद्दपार केले जाते. आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. बाजाराचा भाव अचूक होण्यासाठी आतल्या माणसाची माहिती त्यात उतरली पाहिजे. आतल्या माणसाने ती उतरविली तर तो गुन्हेगार ठरतो. म्हणजेच हा बाजार ज्या प्रमाणात नियमाने चालेल त्या प्रमाणात तो आंधळा राहील, आणि ज्या प्रमाणात त्याला दृष्टी येईल त्या प्रमाणात कोणीतरी इमान विकलेले असेल. भाकीत-बाजाराचे काही पुरस्कर्ते तर, आतल्या माणसांनी पैसे लावले तर बिघडले कोठे, भाव अधिक अचूकच होईल, असे उघडपणे म्हणतात. निदान त्यांचा प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे. फितुरीला ज्ञानाचा दर्जा देण्याचे धाडस सर्वांनाच होत नाही.

तिसरी गोष्ट बाजाराच्या खोलीची. विम्बल्डनच्या एकेरीच्या अंतिम सामन्यावर अफाट पैसा फिरतो. तेथे एखाद्याने हजार-दोन हजार डॉलर ओतले तरी भाव जागचा हलत नाही. कोठल्यातरी लहान शहरातील दुहेरीच्या पहिल्या फेरीत गिऱ्हाइकेच किती असणार? समजा, कागद घेणारा ४१ सेंट द्यावयास तयार आहे आणि विकणारा ५८ मागतो आहे. मग शक्यता किती समजावी? ४१, ५८, की मधला आकडा? यांपैकी काहीही म्हटले तरी ते भाकीत नव्हे. ते फक्त दोन अडाण्यांमधले अंतर आहे. अशा उथळ पाण्यात कोणीही धनवान मनुष्य चिमूटभर पैशाने भाव हवा तसा वाकवू शकतो, आणि मग तोच वाकलेला भाव पाहून इतर म्हणतात, 'बाजाराला काहीतरी ठाऊक असले पाहिजे.'

चौथी गोष्ट खेळाच्या नियमांतच दडलेली आहे. पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावरील दुहेरीत ४०-४० झाल्यावर एकच निर्णायक गुण खेळला जातो, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. याचा परिणाम काय होतो, ते साध्या गणिताने पाहू. सर्व्हिस करणारी जोडी शंभरांतील ६५ गुण जिंकते असे धरा. जुन्या पद्धतीने, दोन गुणांची आघाडी आवश्यक असताना, ४०-४० वरून ती गेम जिंकण्याची शक्यता शंभरात सुमारे ७७ येते. एकाच निर्णायक गुणावर मात्र ती ६५ वरच राहते. तीच गत टायब्रेकची. जी जोडी प्रतिस्पर्ध्याहून खरोखर सरस आहे, शंभरांतील ५२ गुण जिंकते, ती दहा गुणांचा टायब्रेक शंभरांत जेमतेम ५७ वेळा जिंकेल. सामना लवकर आटोपावा म्हणून केलेल्या या नियमांनी नशिबाचा वाटा वाढविला. याचा अर्थ असा की, उत्तमातले उत्तम भाकीतही अशा सामन्यात नाणेफेकीच्या फारसे पुढे जाऊ शकत नाही. मग कागद घेणाऱ्याने नेमके काय विकत घेतले? ज्ञान? की नाणे हवेत असतानाची धडधड? धडधड विकण्याच्या धंद्याला जगात एकच नाव आहे.

परंतु हे सारे मुद्दे केवळ बाजाराच्या निरुपयोगीपणाचे झाले. निरुपयोगी वस्तू जगात पुष्कळ आहेत. त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलण्याचे कारण नाही. लेखणी उचलावी लागते ती अपायामुळे. प्लिमथच्या बैलाला आपल्यावर लागलेल्या पैजा ठाऊक नव्हत्या, आणि ठाऊक असत्या तरी त्याला आपले वजन दहा पौंडांनी घटविता आले नसते. खेळाडूला दोन्ही शक्य आहे. त्याला भाव दिसतो आणि त्याला हरता येते. जिंकणे कोणाच्याही एकट्याच्या हातात नसते. हरणे मात्र असते. दुहेरीत तर चौघांपैकी एकाने ठरविले तरी पुरे. त्याच्या साथीदाराला पत्ताही लागत नाही. नेमक्या वेळी सर्व्हिसच्या दोन चुका, जाळ्याजवळ अर्ध्या पावलाचा उशीर. कोण सिद्ध करणार?

२००७ च्या ऑगस्टमध्ये पोलंडमधील सोपोट येथे निकोलाय डेव्हिडेंको या तेव्हाच्या जगातील चौथ्या क्रमांकाच्या खेळाडूचा एकेरीचा सामना होता. त्याने पहिला सेट जिंकल्यानंतरही बेटफेअरवर त्याच्या पराभवाकडे पैसा वाहत राहिला, आणि तिसऱ्या सेटमध्ये त्याने दुखापतीमुळे सामना सोडला. सुमारे ७० लाख डॉलरांच्या पैजा कंपनीने रद्द केल्या. वर्षभराहून अधिक काळ चौकशी चालली आणि २००८ च्या सप्टेंबरमध्ये डेव्हिडेंको निर्दोष ठरला. २०१६ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीतील पहिल्या फेरीच्या एका सामन्यावर असाच एकतर्फी पैसा येऊ लागला, म्हणून एका मोठ्या पैज कंपनीने व्यवहार थांबविला. पराभूत जोडीने गैरप्रकाराचा स्पष्ट इन्कार केला. तिच्यातील एकाने आपला गुडघा दुखत असल्याचे सांगितले. २०२० च्या फ्रेंच ओपनमध्ये महिला दुहेरीच्या पहिल्या फेरीतील एका विशिष्ट गेमवर संशयास्पद पैजा लागल्याने पॅरिसमध्ये फौजदारी चौकशी सुरू झाली, आणि २०२१ च्या जूनमध्ये एका खेळाडूला ताब्यात घेऊन सोडण्यात आले. तिनेही आरोप नाकारला.

या प्रकरणांत कोणी दोषी होते, असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. हेतू वेगळाच आहे. भाव असा एकाएकी धावतो तेव्हा शक्यता तीनच असतात. एक, सामना विकला गेला आहे. दोन, कोणाच्या तरी गुडघ्याची खबर बाहेर फुटली आहे. तीन, ही निव्वळ अफवा आहे. पहिल्या दोहोंत बाजाराचे भाकीत बरोबर येते, आणि त्या अचूकतेच्या मुळाशी विश्वासघात असतो. तिसऱ्यात भाकीत चुकते आणि निष्पाप माणसाच्या नावाला डाग लागतो. बाजार खरा ठरो वा खोटा, किंमत खेळाडूच मोजतो.

यावर समर्थकांचे एक उत्तर असते, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. ते म्हणतात, 'बाजारामुळेच तर संशय उत्पन्न झाला. भाव उघड नसता तर लबाडी गुपचूप पचली असती.' यात अर्धे सत्य आहे. सोपोटचा प्रकार कंपनीच्या नोंदींमुळेच उजेडात आला, आणि त्यातूनच २००८ साली टेनिसमध्ये स्वतंत्र तपास पथक स्थापन झाले. २०२१ पासून त्याची जागा आंतरराष्ट्रीय टेनिस सचोटी संस्थेने घेतली. परंतु भाव पाहून जी चोरी पकडली जाते, ती करण्याचे कारणही त्या भावानेच पुरविलेले असते. लहानशा गावातील दुहेरीच्या पहिल्या फेरीवर कोणी पैसाच लावीत नसेल, तर ती हरण्यासाठी कोणी पैसे देईल कशाला? ज्याने घराच्या दाराशी तिजोरी उघडी ठेवली, त्याने चोर पकडल्याबद्दल पाठ थोपटून घेऊ नये.

मग हे खेळाडू मोहाला बळी का पडतात? याचे उत्तर स्वतंत्र चौकशी समितीने २०१८ साली दिले. ॲडम लुईस यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ३२०० हून अधिक खेळाडूंकडून माहिती मागविली, त्यांपैकी १४.५ टक्के खेळाडूंनी सामने विकले जात असल्याची आपल्याला प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. खेळाच्या कमाईतून खर्च भागवू शकणारे खेळाडू जगात अडीचशे ते साडेतीनशेच, असेही समितीला आढळले. दुहेरीवर गुजराण करणारे तर त्याहून खालच्या पंगतीत बसतात. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड होते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला, दोघांत मिळून, ६ लाख ८० हजार. शिखरावर ही तफावत, तर पायथ्याशी काय असेल? आणि याच पायथ्याच्या सामन्यांचा प्रत्येक गुण आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पैज कंपन्यांसाठी विकावयास काढला. २०१५ साली जाहीर झालेला पाच वर्षांचा करार ७ कोटी डॉलरांचा होता. सर्वांत खालच्या पातळीवरील सामन्यांचे थेट गुण विकणे थांबवा, अशी शिफारस समितीला करावी लागली. कुंपणच शेत खाऊ लागले, तर राखण कोणी करावी? २०२३ साली बेल्जियमच्या न्यायालयाने सामने विकत घेणाऱ्या टोळीच्या सूत्रधाराला पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच्या जाळ्यात १८० हून अधिक व्यावसायिक खेळाडू सापडले होते. त्याने ज्ञान विकले नाही, भाकीतही केले नाही. त्याने भविष्य आधीच विकत घेतले होते. भाकीत-बाजारात सर्वांत अचूक 'द्रष्टा' असतो तो असा. आणि समोर बसून प्रामाणिकपणे मत मांडणारा सामान्य माणूस? आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

हरलेल्या माणसाचा संताप कोठे जातो, तेही पाहिले पाहिजे. महिला टेनिस संघटना व आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी २०२५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना सुमारे ८००० शिवीगाळीचे वा धमकीचे संदेश आले, आणि त्यांतील ४० टक्के पैज हरलेल्या जुगाऱ्यांचे होते. वीस वर्षांची एखादी मुलगी परक्या देशातील हॉटेलात सामना हरून परतते, आणि तिच्या आईला मारण्याची धमकी तिची वाट पाहत असते. कारण काय, तर कोणाचा तरी 'अंदाज' चुकला.

कोणी म्हणेल, हे सर्व अमेरिका-युरोपातील. आपला त्याच्याशी संबंध काय? संबंध जुना आहे. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर आकडा लागत असे. ते भाव येणे थांबल्यावर साठच्या दशकात चिठ्ठ्या काढून मटका सुरू झाला, आणि किती गिरणी कामगारांचे पगार त्यात बुडाले, हे त्यांच्या बायकांनी अनुभवले आहे. पण एक मान्य केले पाहिजे: आकडा लावणारा मनुष्य स्वतःला कापसाचा अभ्यासक म्हणवून घेत नव्हता. आपण काय करतो, हे तो जाणत होता. आपल्याकडे 'ओपिनियन ट्रेडिंग' या नावाखाली निघालेल्या ॲपांनी तेवढीही जाणीव ठेवू दिली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सेबीने या व्यवहारांपासून सावध राहण्याचा इशारा दिला, आणि ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद न करता पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली. कायदा स्वागतार्ह आहे. परंतु कायदा ॲप बंद करतो, शब्द बंद करू शकत नाही. 'मी जुगार खेळत नाही, मी विश्लेषण करतो' हे वाक्य ज्या मुलाच्या डोक्यात बसले, तो परदेशी खाते उघडील, आखाती देशात किंवा कॅनडात नोकरीला गेल्यावर उघडील. आपल्या धर्मग्रामांतील किती तरुण आज त्या देशांत आहेत, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक अवघड प्रश्न आपल्यालाच विचारला जाईल, आणि तो न्याय्य आहे. 'तुमच्या चर्चच्या फेस्ताला हौजी चालते, रॅफलची तिकिटे खपतात. मग आमच्या बाजाराला नाके का मुरडता?' ख्रिस्तसभेची शिकवण पैजेला मुळातच पाप म्हणत नाही. स्वतःच्या वा कुटुंबाच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला, मन त्याचे गुलाम झाले, व्यवहारात लबाडी आली, तर मात्र ती निषिद्ध मानते. हौजीच्या पिशवीतील आकड्याला कोणी लाच देत नाही. तिकिटाचे पैसे किती जाणार, हे आधी ठाऊक असते. आणि तेथे बसलेली कोणतीही व्यक्ती आपण ज्ञानसाधना करीत आहोत, असे समजत नाही. तरीही हौजीची रक्कम वाढू लागली, गरिबाच्या घरातील चूल त्यामुळे थंड होऊ लागली, तर हाच न्याय आपल्या मंडपालाही लावावा. दुसऱ्याच्या अंगणातील कचरा दाखविणाऱ्याने आपले अंगण झाडण्यास तयार असले पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. निवडणूक, हवामान, रोगराई यांविषयी मर्यादित रकमेचे प्रयोग विद्यापीठांनी अवश्य करावेत. परंतु ज्या घटनेचा निकाल एकट्यादुकट्या माणसाच्या हाती आहे, त्या घटनेवर बाजार मांडू नये. दुहेरीचे सामने, आणि त्यांतही एखादा गेम वा एखादा गुण यांवरील करार, सर्वप्रथम बंद व्हावेत. खालच्या पातळीवरील सामन्यांचे थेट गुण पैज कंपन्यांना विकू नयेत. तो पैसा बुडाला तर बुडू द्यावा. आणि खेळाच्या संस्थांना प्रामाणिकपणा हवा असेल, तर दुहेरीच्या खेळाडूंना पोट भरेल इतके मानधन द्यावे. पहारेकऱ्यांच्या वेतनापेक्षा तो खर्च अधिक फलदायी ठरेल.

आणि आपल्या घरांत? तेथे कायद्याची नव्हे, शब्दांच्या नेमकेपणाची गरज आहे. मुलगा 'मी प्रेडिक्शन करतो' म्हणाला, तर आईवडिलांनी शांतपणे विचारावे: पैसे लावतोस का? हरलास तर जातात का? मग त्याला आपल्या भाषेत जुगार म्हणतात. दुहेरीचा सामना त्याच्या शेजारी बसून अवश्य पाहावा. कोण जिंकेल, यावर वाद घालावा, ओरडावे, आपल्या माणसासाठी टाळ्या वाजवाव्यात. जाळ्याजवळच्या खेळाडूने पाठीमागे केलेली खूण आणि तिच्यावर विसंबून मागच्याने टाकलेला चेंडू, यांत दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास उघड्या डोळ्यांनी पाहावयास मिळतो. त्याचा भाव किती, हा प्रश्न ज्याला सुचत नाही, त्यालाच तो खेळ खऱ्या अर्थाने दिसतो.